भाऊजींना मी रमी दाखवली

नणंदेनं माझ्या दारात येऊन रडावं, या एका इच्छेवर मी आठ-नऊ महिने काढले. सकाळी चूल पेटवताना ती इच्छा असायची, दुपारी शिलाई मशीनवर बसले की असायची. दुसऱ्या कुठल्या गोष्टीची मी एवढी वाट पाहिलेली मला आठवत नाही.

मी गोंदियाची. लग्न होऊन बालाघाटला आले त्याला आता अठरा वर्षं झाली. नवरा राइस मिलमध्ये फिटर आहे. सासू आमच्याजवळच असते. मी घरी ब्लाउज शिवते. नणंद नवऱ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान. ते मोजकं बोलणारे. मी त्यांना भाऊजी म्हणते.

होळी झाल्यावर एके दुपारी ताई आमच्याकडं आली. हातात फोन होता. "वैनी, हे पाह्य," म्हणाली आणि माझ्या बाजूला पलंगावर बसली. फोनमध्ये हिरव्या टेबलावर तेरा पत्ते मांडलेले. रमी. लहानपणी आम्ही भावंडं उन्हाळ्यात खेळायचो तीच, फक्त इथं पैसे लागायचे. ताईनं माझ्यासमोर एक डाव लावला आणि जिंकला. साठ रुपये आले.

"दुपारी झोपण्यापेक्षा बरं नाही का?" ती म्हणाली. "मी त मयन्याले दोनशेच लावते. दोनशे सरले का फोन बंद. जमलं त जमलं."

तिनं माझ्या फोनवर खेळ टाकून दिला. मी तिच्या लिंकवरून आले म्हणून तिला बोनस मिळणार होता, हे मला मागाहून कळलं. तिच्या लिंकवरून वॉर्डातल्या पाच-सहा बाया आल्या होत्या. त्या बोनसवर तिनं मिक्सर घेतला. आम्हाला सगळ्यांना दाखवलाही.

मला दोनशेवर थांबता आलं नाही. का नाही, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ताईच्या आणि माझ्या डोक्यात काहीतरी वेगळं असावं. जिंकले की वाटायचं, आज हात चांगला आहे, अजून एक डाव. हरले की वाटायचं, गेलेले तेवढे परत आले की उठते. दोन्हीकडून मी तिथंच. दुपारी दोनला भांडी आटोपून बसायचे ते नवरा मिलमधून यायच्या वेळेपर्यंत. ब्लाउज कापलेले तसेच पडून राहायचे. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, दोरा संपला होता.

पिको-फॉलची मशीन घ्यायची म्हणून मी तीन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. आषाढ लागेपर्यंत ते सगळे गेले. त्यानंतर नवऱ्याला मिलमधून मिळालेली जास्तीच्या कामाची रक्कम गेली. ती त्यानं माझ्याकडं ठेवायला दिली होती. त्या दिवशी शिवण टाकून मी उठून ताईकडं गेले.

"ताई, माह्याकडून लय गेले," मी म्हटलं. "यायले, तुमच्या भावाले, अजून माहीत नाही. मी सांगीन, पण जरा वेळ द्या. आईले अन् यायले काही बोलू नका."

ताई भाजी निवडत होती. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नाही बोलत, बाप्पा. मी काहून बोलू?" म्हणाली. चहा केला. मी तो पिऊन हलक्या मनानं घरी आले. हे मला अजून बोचतं. मी हलक्या मनानं आले होते.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. त्या वर्षी पंधरा-वीस बाया जेवायला होत्या. परसवाड्याहून सासूची बहीण आली होती, वॉर्डातल्या शेजारणी होत्या. मी पुरणपोळ्या वाढत होते. ताईच्या पानाशी आले तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वैनीच्या हातचं पुरण जपून खाजा. डावावर लावलं नसन म्हणजे झालं."

कोणी हसलं, कोणी विचारलं काय झालं. ताईनं सगळं सांगितलं. मशीनचे पैसे, नवऱ्याच्या मेहनतीचे पैसे, दुपारी दार लावून बसणं. मी तिच्या स्वयंपाकघरात जे जे बोलले होते ते सगळं, माझ्याच शब्दांत. माझा नवरा ताकाची बादली घेऊन दारात उभा होता. त्याला हे असं कळलं.

"तुम्हीच त दिला होता तो खेळ," मी म्हटलं. आवाज एवढा लहान निघाला की मलाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला.

"दिला ना. मी नाही म्हनते का?" ताई म्हणाली. "मी बी खेळते. पण मयन्याले दोनशे, त्याच्या वर एक रुपया नाही. तुले नाही थांबता येत त माह्याकडं काहून बोट दाखवतं?"

बायांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं ना. तिला थांबता येत होतं. पोळीचं ताट हातात धरून मी उभी राहिले आणि त्याच घडीला ठरवलं की हिला सोडायचं नाही.

सगळे गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कोणासंगं खेळली?"

"माहीत नाही."

"मानूस होता का मशीन होती?"

"तेही माहीत नाही."

त्यानं मारलं नाही, ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सुट्टी टाकून मला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेला. मिलमधल्या एकाची दारू तिथल्या एका मॅडमनं सोडवली होती, हे त्याला माहीत होतं. मॅडम वयानं माझ्याहून लहान, हिंदी बोलणारी. तिनं मला नावं ठेवली नाहीत. वही काढली आणि विचारलं, किती वाजता खेळता, खेळायच्या आधी काय वाटतं, पैसे कुठून भरता. मग एकेक दार बंद करायला लावलं. मोठा फोन गेला, साधा बटणांचा आला. फोनवरून पैसे भरायची सोय बँकेत जाऊन बंद केली. शिलाईचे पैसे रोख घ्यायचे, शनिवारी नवऱ्याच्या हातात द्यायचे, खर्चाचे त्याच्याकडून मागून घ्यायचे. दोन ते पाच घरात एकटं बसायचं नाही, मशीन बाहेरच्या पडवीत आणून ठेवायची.

"और एक बात," ती म्हणाली. "जो गया वो गया। उसको वापस लाने जाओगी, तो और जाएगा।"

मी हो म्हटलं. पैशाच्या बाबतीत मी तिचं तंतोतंत ऐकलं. पहिला महिना हात नुसते वळवळायचे. पत्ते उचलल्यासारखी बोटं चालायची, मशीनवर कापड धरलेलं असतानाही. पण मी खेळले नाही. फक्त ताईचा चेहरा काही मनातून गेला नाही. पडवीत बसून शिवताना ती रोज रस्त्यावरून जाताना दिसायची. हात हलवायची, "काय वैनी, बरं हाये ना?" म्हणायची. मी मान हलवायचे आणि तिला कुठं लागेल ते शोधायचे.

ते मला दिवाळीच्या आधी सापडलं. पडवी झाडत होते, झाडू हातातच राहिला.

भाऊजींना पत्त्यांचं वेड होतं. लग्नाच्या आधी त्यांनी पत्त्यांपायी हट्टा गावाकडची बापाची थोडी जमीन घालवली होती, असं सासू सांगायची. ताईनं लग्न झाल्यावर त्यांना घट्ट धरून ठेवलं. कोणाच्या लग्नात पत्त्यांचा फड बसला की ती त्यांना उठवून न्यायची. दिवाळीला तीन पत्ती खेळायला शंभर रुपये मोजून द्यायची, ते संपले की घरी. दुकानाचा गल्ला रोज तिच्याकडं यायचा. आणि गेल्या होळीपासून ती स्वतः फोनवर रमी खेळत होती, वॉर्डभर वाटत होती, पण नवऱ्याच्या फोनमध्ये तिनं ते येऊ दिलं नव्हतं. त्यांच्यापासून तिनं ते लपवून ठेवलं होतं. म्हणजे त्या खेळात काय आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. माहीत असून तिनं मला दिलं.

हे कळलं तेव्हा मला राग नाही आला. आनंद झाला.

भाऊबीजेला ताई आणि भाऊजी आमच्याकडं जेवायला आले. ओवाळणं झालं, जेवणं झाली. ताई सासूजवळ आतल्या खोलीत पडली. नवरा शेजाऱ्याची मोटर पाहायला गेला. भाऊजी पडवीत खुर्चीवर बसून फोनवर कसलंतरी भजन पाहत होते. मी सुपारी घेऊन गेले.

"भाऊजी, तुमच्या फोनमंधी रमी नाही का?"

त्यांनी वर पाहिलं. "फोनमंधी रमी असते?"

"हौ. द्या, दाखवते."

माझ्याकडं मोठा फोन नव्हता, पण काय करायचं ते बोटांना पाठ होतं. खेळ उतरवला, त्यांचा नंबर टाकला, पन्नास रुपये भरायला लावले. हिरवं टेबल उघडलं तसा तो फोन माझ्या हातातून सोडवेना. एक डाव, फक्त त्यांना शिकवायला, असं मनात आलं. मी फोन जवळजवळ फेकलाच त्यांच्या मांडीवर आणि आत जाऊन भांड्यांत हात घातले. गार पाण्यात हात बुडवून उभी राहिले. बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "अरे वा! आले की!"

आतल्या खोलीत ताई घोरत होती.

त्यानंतर मला काहीच करावं लागलं नाही. महिन्याभरानं मी कडी-कोयंडा घ्यायच्या निमित्तानं दुकानात गेले. भाऊजी काउंटरच्या खाली फोन धरून बसले होते. हट्ट्याकडचा एक शेतकरी पाइप मागत उभा होता. भाऊजींनी वर न पाहता "नाही हाये" म्हटलं. पाइप मागं भिंतीला टेकवून ठेवलेले मला दिसत होते. शेतकरी निघून गेला. मी कोयंड्याचे पैसे दिले, त्यांनी न पाहता गल्ल्यात टाकले.

पौषात परत गेले, खिळे घ्यायला. रंगाच्या डब्यांची एक अख्खी फळी रिकामी होती. त्यानंतर ज्या ज्या वेळी जायचे, दुकान थोडं अजून मोकळं झालेलं असायचं. आधी नळाच्या तोट्या गेल्या, मग वायरची बंडलं, मग सिमेंटच्या थैल्यांची थप्पी. ताईकडं गल्ल्यातली रोकड तेवढी जायची, गिऱ्हाइकानं फोनवर भरलेलं खेळात जायचं, आणि घाऊक व्यापाऱ्यांनी उधारीवर माल द्यायचं बंद केलं होतं. मी घरी खिळ्यांच्या पुड्या जमवत होते. एकही वापरला नाही. त्या पुड्या पाहिल्या की मला जेवण गोड लागायचं. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

भाऊजी वाळले होते. दाढी वाढलेली. माझ्याकडं पाहायचे ते विचित्र, ओळखीचं. त्यांच्या डोळ्यांत काय चाललंय ते या गावात माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर कदाचित ते थांबले असते. मॅडमची खोली मला माहीत होती. दर महिन्याला मी तिथं जातच होते. मी बोलले नाही.

जेठ महिन्याच्या उन्हात, भरदुपारी, ताई आली.

मी पडवीत शिवत होते. ती पायरीवरच बसली. पदरानं तोंड पुसलं. मग रडायला लागली, मोठ्यानं, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. माझे पाय मशीनवर चालूच राहिले. शिलाई सरळ आली त्या दिवशी. फार सरळ.

"वैनी, दुकानात काही राह्यलं नाही," ती म्हणाली. "माह्यी सोन्याची पोत गहाण टाकली यायनं, मले न सांगता. फोन हिसकला त दुसरा आणला. मी काय करू? तू कशी सुटली? तू सुटली ना? मले सांग, कशी सुटली."

मी दोरा दातानं तोडला. "सांगते," म्हटलं. "पहिले आत चाला. आईसमोर सांगा, तुम्हीच मले दिला होता तो खेळ. तुम्हाला बोनस भेटत होता. अन् मी हात जोडून सांगू नका म्हटलं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ताई गर्विष्ठ बाई. तिच्या जागी मी असते तर उठून गेले असते. ती उठली आणि आत गेली. सासू पलंगावर पडली होती. ताई तिच्या पायाशी उभी राहिली आणि सगळं बोलली. मिक्सरचंही सांगितलं, मी ते विचारलंही नव्हतं. शेवटी म्हणाली, "चार लोकात इचं हसं केलं मी. दोष माहा होता."

सासूनं भिंतीकडं कूस वळवली.

मला वाटलं होतं की या घडीला आत काहीतरी भरून येईल. आलंही. पाच-दहा मिनिटं. मग मी ताईला पाणी दिलं आणि जे जे मी केलं होतं ते एकेक करून सांगितलं. फोन, बँक, शनिवार, मॅडमची खोली. ती लहान मुलीसारखी बोटांवर मोजत ऐकत होती. भाऊजींना खेळ कोणी दाखवला हे तिनं विचारलं नाही. तिच्या मनात तो प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या सोमवारी नवरा आणि मी भाऊजींना घेऊन रुग्णालयात गेलो. ताई दुकान उघडून बसली होती. नवरा पर्ची काढायला रांगेत उभा राहिला. बाकावर भाऊजी आणि मी दोघंच.

"ताईले तुम्ही सांगितलं नाही," मी म्हटलं. "मी दाखवलं होतं ते."

"नाही."

"काहून?"

ते हातातली पिशवी मुडपत राहिले. "तुम्ही काहून दाखवलं ते मले त्याच दिवशी समजलं होतं, वैनी. महालक्षमीच्या जेवणात मी बी होतो ना. भाईर बसलो होतो, सगळं ऐकलं. फोनमंधी रमी असते का, ते मी उगाच इचारलं."

"मग घेतला काहून?"

"खेळायचं होतं म्हनून घेतला. लगन झालं तवापासून कोणी मले मन भरून पत्ते खेळू देल्ले नाही. तुम्ही समोर आणून ठेवला. मी काय म्हनू, नको?" मग म्हणाले, "तुम्ही तिले मारायले निघाल्या होत्या. मधात मी होतो."

तेवढ्यात नवरा पर्ची घेऊन आला आणि आमचा नंबर पुकारला.

भाऊजी सावकाश बरे झाले. मधे एकदा घसरले, परत उभे राहिले. आता त्यांच्याकडंही बटणांचा फोन आहे. पुढं सरकारनं असे पैशाचे खेळ बंद केले, तेव्हा ताई म्हणाली, चला, सुटलो. पण लिंका अजून येतात, वेगवेगळ्या नावांनी. नवऱ्याच्या फोनवर येतात, तो मला दाखवून पुसतो.

दुकान आता ताई चालवते. पाइप मोजते, घाऊकवाल्यांशी भांडते, लामट्याहून गाडी आली की स्वतः उभी राहून उतरवून घेते. तिला ते छान जमतं. भाऊजींच्या वेळेपेक्षा गिऱ्हाईक जास्त आहे. मी तिला संपवायला निघाले होते आणि ती काउंटरमागं अशी बसली आहे जशी जन्मापासून तिथंच होती. मला ते आवडलं नाही. आवडायला पाहिजे होतं, पण नाही आवडलं.

नवऱ्याला मात्र मी सांगितलं. एका शनिवारी शिलाईचे पैसे हातात देताना सांगून टाकलं, भाऊबीजेला काय केलं ते. त्यानं पैसे मोजले नाहीत. तसेच खाटेवर ठेवले. "माह्या बहिणीचं घर होतं ते," एवढंच म्हणाला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. स्वतः भात वाढून घ्यायचा, ताट स्वतः धुवायचा. नवव्या दिवशी म्हणाला, "ताईले तू सांगशील तवा सांग. मी नाही सांगत."

मी अजून सांगितलेलं नाही. भाऊजींच्या बाबतीत जे केलं त्याचं मला फार वाईट वाटतं, ते मी मॅडमजवळही बोलले, आणि भाऊजींची माफीही मागितली. ताईची माफी मागायला दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा ती आतून म्हणाली, "ये वैनी, चहा ठेवते." त्या चहाचं नाव निघालं की माझ्या पाठीवरून फिरलेला तिचा हात आठवतो, "मी काहून बोलू?" आठवतं, आणि मी काहीतरी दुसरंच बोलून परत येते.